रिकाम्या खुर्चीचं म्हणणं

लहान देशाला भूगोल नसतो, शेजार असतो. डोंगर, नद्या, हवामान ही पाठ्यपुस्तकाची हौस झाली. खरा प्रश्न एवढाच असतो, की आपण शिंकलो तर तो आवाज कोणाच्या अंगणात जातो.

हा देश इतका लहान होता, की नकाशात त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नसे. ते शेजारच्या समुद्रात लिहून तिथून बाण काढावा लागे. (समुद्र या देशाचा नव्हता. तो धाकट्या शेजाऱ्याकडून नावापुरता मागून घेतला होता.) उत्तरेला मात्र भलंमोठं राष्ट्र पसरलेलं होतं. त्याचं नाव कोणी घेत नसे. सगळे नुसतं 'थोरले' म्हणत, आणि तेही आवाज एक पायरी खाली उतरवून, घरात झोपलेल्या आजोबांबद्दल बोलावं तसं.

थोरल्यांनी या देशाला कधी दम दिला नव्हता. फौज आणून उभी केली नव्हती. साधं पत्रही पाठवलं नव्हतं. आता इतकं गप्प कोणी उगीच बसत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून देशाने 'शेजारसौहार्द व पूर्वनाराजी निवारण समिती' नेमली. पूर्वनाराजी म्हणजे अजून न झालेली नाराजी. झालेली नाराजी दूर करणं त्या मानाने सोपं असतं, कारण निदान ती कशाची आहे हे ठाऊक असतं.

समितीच्या खोलीत एक लांब टेबल होतं, एक कुरकुरणारा पंखा होता आणि आठ खुर्च्या होत्या. सातांवर माणसं बसत. आठवी रिकामी असे, आणि सगळा कारभार तीच बघत असे.

त्याचं असं झालं. एकोणीस वर्षांपूर्वी थोरल्यांचे राजदूत एका बैठकीला येणार होते. त्यांच्यासाठी आठवी खुर्ची आणली. ऐन वेळी त्यांची दाढ दुखायला लागली आणि ते आले नाहीत. पण खुर्ची मांडलेली होती. ती उचलावी, तर 'आमची खुर्ची काढली' असं त्यांना वाटेल. ठेवावी, तर 'आमच्यावाचून बैठक उरकली' असं वाटेल. तेव्हा मधला मार्ग निघाला: खुर्ची ठेवायची, आणि तिला विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही. पुढे तिला गादी आली. मग पाठीला झालर आली. मग तिच्यासमोर पाण्याचा पेला आणि दर बैठकीला एक कप चहा यायला लागला. कप नेहमी रिकामा होऊन परत जाई, याची समितीने कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली होती. (तो चहावाली मावशी जिन्यात पिऊन टाकी. हे तिने कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही.)

खुर्ची अर्थातच बोलत नसे. म्हणूनच समितीत मौन-टिपणीस हे पद होतं, आणि त्या पदावर आपल्या टिपणीसबाई होत्या. प्रस्ताव वाचून झाला, की पंखा बंद करायचा, एक मिनिट खुर्चीकडे पाहायचं आणि ती कशा प्रकारे गप्प बसली हे वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. मौनाचे नऊ प्रकार ठरलेले होते. साधं मौन, विचारी मौन, दुखावलेलं मौन, ऐकून न ऐकल्यासारखं मौन, 'तुमचं तुम्ही बघा' असं मौन (हे सगळ्यात फसवं) आणि असेच चढत चढत नवव्या क्रमांकावर गंभीर मौन. बाईंची नजर इतकी तयार झाली होती, की दुखावलेलं मौन आणि दुखावल्याचं न दाखवणारं मौन यांतला फरक त्या दारातूनच ओळखत.

एकोणीस वर्षांत समितीपुढे एक हजार एकशे अठ्ठेचाळीस प्रस्ताव आले. मंजूर झाले चार. त्यातले तीन खुर्चीच्या गादीचे, झालरीचे आणि पॉलिशचे होते. चौथा, पंख्याचा वारा खुर्चीला थेट लागू नये, असा होता.

आता टिपणीसबाईंचं दुखणं ऐका.

बाईंच्या घरामागून एक ओढा जात असे, चाळीस फूट रुंद. पलीकडच्या काठावर त्यांच्या आईचं घर. दोन्ही काठ याच देशात, दोन्ही घरांची दारं समोरासमोर. पण पूल नव्हता. लांबून जायचं तर दोन बस आणि सव्वादोन तास. आईचे गुडघे जिन्यालाही तयार नव्हते, तर बसच्या पायरीची काय कथा. त्यामुळे मायलेकी रोज संध्याकाळी आपापल्या मागच्या दारात उभ्या राहून ओरडून बोलत. दोरीला टोपली बांधून डबे इकडून तिकडे जात. अकरा वर्षं हा संसार असाच चालला होता, आणि जावयाच्या घोरण्यावर कोणता काढा लागू पडला नाही, हे दोन्ही काठांवरच्या एकशे सहा घरांना तोंडपाठ होतं.

पूल का नव्हता? कारण ओढा थोरल्यांच्या प्रभावक्षेत्रात येत असे. हे क्षेत्र नकाशेकाकांनी आखलं होतं. नकाशेकाका म्हणजे समितीचे नकाशे सांभाळणारे गृहस्थ, स्वभावाने अतिशय काटेकोर. प्रभावक्षेत्र गोल असतं एवढं त्यांनी वाचलं होतं. किती गोल, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी हाताशी असलेली बशी नकाशावर पालथी घातली आणि भोवती पेन्सिल फिरवली. बशीच्या कडेचा एक टवका उडालेला होता. प्रभावक्षेत्रालाही तिथे तसाच टवका पडला. त्या टवक्यात जी वसाहत सापडली, तिथे कोणाला विचारायची गरज उरली नाही. तिथे पूल झाला, वाचनालय झालं, दोन झोपाळे लागले. तिला लोक 'टवका वसाहत' म्हणत आणि तिथल्या जागांचे भाव ऐकून छातीत धस्स होई. बाईंचा ओढा टवक्यापासून पेन्सिलीच्या टोकाएवढा चुकला होता.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. पुलाचा पहिला प्रस्ताव आला तो बाईंच्या नोकरीचा पहिलाच दिवस होता. वही कोरी. प्रस्ताव वाचला, पंखा बंद झाला आणि बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. अर्धवट ओढलेल्या पडद्याची सावली खुर्चीच्या पाठीवर अशी पडली होती, की कपाळाला आठी पडल्यागत दिसावं. बाईंनी लिहिलं: 'गंभीर.'

त्या संध्याकाळी ओढ्यापलीकडून हाक आली.

"काय गं, पुलाचं काय झालं?"

"खुर्ची गंभीर आहे, आई."

"मग दवाखान्यात न्या की तिला."

पुढे दरवर्षी काठावरचे लोक नवा अर्ज करत. दरवर्षी प्रस्ताव येई. पण नियम सात असा होता, की एका विषयावर खुर्चीचं मौन एकदा नोंदलं गेलं की ते बदलत नाही. जे आपला शब्द फिरवत नाहीत ते मौन कसं फिरवतील? (थोरल्यांनी शब्द दिल्याची नोंद नव्हती. पण दिला असता तर फिरवला नसता, यावर एकमत होतं.) म्हणून बाई दरवर्षी स्वतःच्या हाताने आपल्याच आईच्या पुलापुढे 'गंभीर' लिहीत आणि घरी येऊन ओढ्यापलीकडे ओरडून सांगत.

"अगं बये, त्या थोरल्यांना माझ्या गुडघ्यांचं काय पडलंय?"

"तसं नसतं आई. धोरण असतं."

"तुझ्या धोरणाला म्हणावं, टोपलीत बसून ये इकडे. दोन शब्द बोलायचेत."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकट्या शेजाऱ्याने घोळ घातला. थोरल्यांचे प्रतिस्पर्धी होते 'पलीकडचे', म्हणजे समुद्रापलीकडचं दुसरं मोठं राष्ट्र. त्यांच्याकडून धाकट्याने एक बाक घेतला. फुकट, लोखंडी, बागेत ठेवायचा. पाठीवर कोरलेलं: 'पलीकडच्यांकडून सप्रेम.' वर्तमानपत्रांनी लगेच 'प्रदेशात तणाव' असं छापलं. दुसऱ्या दिवशी त्या बाकावर दोन म्हातारे बसलेले दिसले, तेव्हा 'तणाव वाढला' असं छापलं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि म्हातारे उठून गेले. 'परिस्थिती निवळली, पण ओलसर' असं एका दैनिकाने म्हटलं.

समितीची पाचावर धारण बसली. धाकटा बिघडला, की थोरले आधी मधल्याचा कान धरतात, हे ज्या घरात तीन भावंडं आहेत तिथे समजावून सांगावं लागत नाही. सचिवसाहेब समितीचे प्रमुख होते. आयुष्यात त्यांनी सहीसुद्धा पेन्सिलीने केली होती. त्यांनी त्या रात्री झोप घेतली नाही आणि सकाळी 'पूर्वमाफीपत्रा'चा मसुदा मांडला:

'आमच्याकडून जे काही घडलं असेल, घडत असेल किंवा घडेल असं आपल्याला वाटत असेल, त्याबद्दल आम्ही आधीच दिलगीर आहोत. न घडल्यास, त्याबद्दलही.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकोणीस वर्षांत थोरल्यांना गेलेलं हे पहिलंच पत्र. राजदूतांची दाढ बरी झाल्यापासून असा कुठला देश आपल्या दक्षिणेला आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बारा दिवसांनी समितीच्या दारात एक माणूस उभा राहिला. किडकिडीत, खांद्याला पिशवी, एका बुटाची नाडी सुटलेली. तो थोरल्यांच्या 'किरकोळ शेजार' विभागातला तिसरा सहायक होता. तीन बस बदलून आला होता आणि दमला होता. आत आला, इकडे तिकडे पाहिलं आणि एकच खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिच्यावर बसला.

खोलीत टाचणी पडली असती तर तिनेही परवानगी मागितली असती.

"अहो, तिथे नका बसू," सचिवसाहेब कसेबसे म्हणाले.

"का? मोडकी आहे?"

"राखीव आहे."

"कोणासाठी?"

"थोरल्यांसाठी."

"मी तिकडूनच आलोय की."

सचिवसाहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ते आपलं ठीक आहे. पण ही खुर्ची त्यांची आहे."

तो उठला नाही, कारण त्याने बूट काढले होते. तेवढ्यात मावशी खुर्चीचा चहा घेऊन आली. त्याने कप घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन खाली ठेवला. मावशीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहता प्रदेशातला खरा तणाव त्या क्षणी सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

"आता सांगा," तो म्हणाला, "तुम्ही नक्की काय केलंत?"

"आपणच सांगावं," सचिवसाहेब म्हणाले.

"मला काय माहीत? माफी तुम्ही मागितलीत."

"ती आपल्याला जे वाटलं असेल त्याची."

"पण आम्हाला काही वाटलंच नाही."

"हेच," सचिवसाहेब नकाशेकाकांच्या कानात म्हणाले, "हेच त्यांचं दुखावलेलं मौन."

असा पाऊण तास गेला. शेवटी त्या माणसाने जांभई दिली आणि टिपणीसबाईंच्या वहीकडे पाहून विचारलं, "बाई, तुम्ही काय लिहीत असता?"

अकरा वर्षांत बाई या खोलीत एकदाही बोलल्या नव्हत्या. त्यांनी वही उघडली. समोर योगायोगाने (बोटाने खूण घालून ठेवलेला योगायोग) पुलाचं पान आलं. बाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिला प्रस्ताव: ओढ्यावर पादचारी पूल, लांबी चाळीस फूट.

"बांधा की," खुर्चीतून आवाज आला.

बाईंनी मान वर केली नाही. पुढे 'बांधा' असं लिहिलं आणि पान उलटलं. दुसरा प्रस्ताव: ओढ्यावर पादचारी पूल, लांबी चाळीस फूट.

"हाही? बांधा."

तिसरा वाचला. चौथा वाचला. सातव्याला तो म्हणाला, "ओढे बरेच दिसतात तुमच्याकडे." अकराव्याला म्हणाला, "अहो बाई, बांधा ना सगळे. मला पाचची बस आहे."

सचिवसाहेब उभे राहिले. "हे मत या गृहस्थांचं आहे. खुर्चीचं नाही. खुर्ची याबाबत गंभीर आहे. टिपणीसबाई, खोडा ते."

एका बाजूला अकरा वर्षांची नोकरी होती, पुढचं निवृत्तिवेतन होतं. दुसऱ्या बाजूला चाळीस फूट पाणी होतं. बाईंनी वही उचलली, सचिवसाहेबांसमोर धरली आणि रकान्यांच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"साहेब, यात बोलणाऱ्याचं नाव लिहायला जागाच नाहीये. नुसतं 'खुर्ची' असं छापलंय. आवाज खुर्चीतून आला. मी तसं लिहिलं."

"पण नियम सात..."

"तो मौनाचा आहे साहेब. बोलण्याचा नियमच नाही आपल्याकडे."

सचिवसाहेबांनी वही घेतली. रकाना वाचला. उलटून मुद्रकाचं नाव वाचलं. छापील अक्षरापुढे ते हरले. छापील अक्षरापुढे ते आयुष्यभर हरत आले होते आणि त्यावरच ते सचिव झाले होते.

जाताना तो माणूस दारात नाडी बांधायला वाकला. बाई त्याला दाराशी सोडायला आल्या होत्या.

"आमच्याकडेही आहे अशी एक," तो हळूच म्हणाला. "मोठ्या दालनात. खुर्ची नाही, कोच आहे. कोणी बसत नाही त्यावर."

"कोणासाठी? तुमच्याहून थोरलं कोण आहे?"

"ते कधी विचारलं नाही कोणी." त्याने मागे वळून पाहिलं आणि आवाज एक पायरी खाली उतरवला. "विचारलं तर काय वाटेल त्यांना."

अकरा प्रस्ताव मंजूर झाले होते, त्यामुळे अकरा पूल बांधले गेले. एकाला एक लागून, एकाच ओढ्यावर. एक बांधून दहा वाचवावेत असं कोणी सुचवलं नाही, कारण खुर्चीने 'सगळे' म्हटलं होतं. दरडोई पुलांच्या यादीत देश जगात पहिला आला. कठड्यांवरून उड्या मारत पोरं ओढ्याच्या लांबीनेही प्रवास करायला लागली. टवका वसाहतीत जागांचे भाव उतरले. समितीत मात्र खुर्ची पुन्हा रिकामी झाली आणि सचिवसाहेबांनी मौनाचा दहावा प्रकार मंजूर करून घेतला: 'बोलून झाल्यानंतरचं मौन.' हे नवव्यापेक्षाही भीषण असतं, असं जाणकारांचं म्हणणं आहे. मावशीचा चहा पूर्ववत सुरू झाला.

पूल खुले झाले त्या सकाळी आई काठी टेकत निघाली. पाचवा पूल तिने निवडला, कारण त्याचा कठडा हाताला बेताचा लागत होता. मधोमध थांबून तिने खाली पाण्याकडे पाहिलं, 'एवढंस्सं होय हे' असं म्हणाली आणि इकडे उतरली. बाईंनी तिला हाताला धरून घरात आणलं, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची मांडून बसवलं आणि मायलेकी तासभर हळू आवाजात बोलल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा काठावरच्या एकशे सहा घरांना काही कळलं नाही. लोक दुखावले.

मग आई रोज यायला लागली. पहिल्या आठवड्यात तिने मिठाची बरणी उजवीकडून डावीकडे नेली. दुसऱ्या आठवड्यात खिडकीचा पडदा बदलला. तिसऱ्या आठवड्यात जावई वर्तमानपत्र जिन्यात बसून वाचायला लागला. "अकराच्या अकरा बांधायची एवढी घाई कोणाला होती?" असं तो एकदा म्हणाला, पण आवाज एक पायरी खाली उतरवून.

एक दिवस आईला सर्दी झाली आणि ती आली नाही. बाई स्वयंपाक करत होत्या. सवयीने त्यांनी मिठाची बरणी उचलली आणि उजवीकडे, म्हणजे मूळच्या जागी, ठेवायला हात नेला. मध्येच थांबल्या. दाराशी आईची खुर्ची रिकामी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पूर्ण एक मिनिट पाहिलं. मग बरणी डावीकडे ठेवली.

"काय झालं?" जावयाने जिन्यातून विचारलं. "कोणी काही म्हटलं का?"

"नाही ना," बाई म्हणाल्या. "तेच तर."

तर असा हा देश. तुम्हाला तो मूर्ख वाटला असेल तर वाटू द्या, त्याबद्दल तो आधीच दिलगीर आहे. फक्त एक करा. तुमच्या घरातल्या कपाटात वरच्या फळीवर जे चांगले कप आहेत ना, सहाचे सहा, अजून एकाचाही कान न तुटलेले, त्यातला एक काढा आणि त्यातून आज स्वतः चहा प्या. नको म्हणता? कोण येणार आहे त्यातून प्यायला? किती वर्षं झाली न येऊन? बरं, काही म्हणालं का ते तुम्हाला?

नाही ना. मग पंखा बंद करा, त्या कपांकडे एक मिनिट पाहा आणि मौन कोणत्या प्रकारचं आहे ते लिहून ठेवा. नाव लिहायला जागा नाही, नुसता प्रकार लिहिला तरी चालेल.